सहस्रकुंडच्या खालच्या धारेत पोहायला जायचं असेल तर
दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही नांदेडची मित्रमंडळी सहस्रकुंडला जाऊन आलो. धबधब्याचे फोटो सगळ्यांनीच बघितलेत, पण धबधब्याच्या बरंच खाली, पैनगंगा कातळातून वाट काढत जोरात धावते तिथं पोहण्यात जी मजा आहे ती वेगळीच. आमची एवढी मोठी नदी, एका काठाला मराठवाडा दुसऱ्या काठाला विदर्भ, आणि आपली पोरं पोहायला शिकतात ती स्विमिंग टँकमध्ये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जायला सोपं आहे. नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरकडे, शंभरेक किलोमीटर. मुदखेड-आदिलाबाद लाइनवर सहस्रकुंड नावाचं स्टेशन पण आहे. हिमायतनगरला परमेश्वराचं दर्शन घेऊन चहा मारला की पुढं निवांत.

आता मेन गोष्ट. धबधब्याखालच्या कुंडात उतरू नका म्हणजे नकाच, कितीही पट्टीचा पोहणारा असो. वरून पडलेलं पाणी तळाला जाऊन परत धबधब्याकडंच फिरतं, माणसाला खाली ओढतं आणि सोडत नाही, वर फेसाळ पाण्यात हवा इतकी असते की अंग तरंगत पण नाही. धबधब्याच्या वरच्या बाजूला तर पाय ओले करायलाही जाऊ नये, शेवाळावर पाय सरकला की संपलं.

आम्ही खाली गेलो तिथं जाळं टाकणारे एक भोई मामा भेटले, त्यांना विचारूनच जागा ठरवली. मामांनी आधी काठीनं खोली दाखवली, कुठं रांजणखळगे आहेत ते सांगितलं (गुडघाभर पाण्यात चालता चालता एकदम डोक्यावर पाणी, असे खळगे या काळ्या कातळात भरपूर) आणि म्हणाले, "बाबा, आधी बाहेर कुठं निघायचं ते बघा, मग आत जा." हे एकदम बरोबर. धार जिथं संपते तिथं संथ डोह पाहिजे, खडकांची रांग किंवा अडकलेलं झाड असेल तर ती जागा सोडा, पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

धारेत पडलं की उताणं व्हायचं, पाय पुढं आणि वर, खडक आला तर पायानं ढकलायचं. जोराच्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, पाय दगडाच्या फटीत गेला की पाणी वरून दाबतं, कंबरभर पाण्यात माणूस बुडतो तो असा. काठाला यायचं तर धारेविरुद्ध हात मारून दमायचं नाही, तिरकं तिरकं कापत यायचं, मोठ्या खडकाच्या मागं पाणी संथ असतं तिथं दम खायचा. एक जण दोर घेऊन खालच्या बाजूला उभा पाहिजेच, पण दोर पोहणाऱ्याच्या अंगाला बांधू नका.

अजून एक, वर इसापूर धरण आहे, तिथून पाणी सोडलं की इथं ऊन असतानाही नदी चढते. त्यामुळं निघायच्या आधी चौकशी करा, आणि पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काडीकचरा वाहून यायला लागला की लगेच बाहेर. पावसाळ्यात फक्त लांबून बघायला जा. गावकरी किंवा पोलीस नको म्हणाले तर वाद नको.

भाकरी-ठेचा सोबत न्या, पोहल्यावर लई भूक लागते. पायात ग्रिपवाले बूट घाला, चप्पल वाहून जाते. लाइफ जॅकेट नांदेडहूनच न्या, तिकडं भाड्यानं मिळेल या भरवशावर राहू नका.