मालकीणबाईंची टेकडी आणि २४ गिगाहर्ट्‌झ

२४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचं पाण्याच्या वाफेशी पहिल्यापासून वाकडं आहे. २२.२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास वाफेचे रेणू रेडिओलहरींची ऊर्जा शोषून घेतात, आणि आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा सव्वा सेंटिमीटरचा बँड नेमका त्यांच्या शेजारी येतो. कोकणातल्या जुलैच्या हवेत दर किलोमीटरला सिग्नलचे जेवढे डेसिबल वाया जातात, त्याच्या पाव हिस्साही दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे थंडीतल्या पहाटे जात नाहीत. पुण्यात असताना सिंहगडावरून दोन मीटर बँडवर बोलायचो तेव्हा हवेच्या दमटपणाची फिकीर नव्हती. अ‍ॅडलेडला आल्यावर मायक्रोवेव्हचा नाद लागला आणि मी कोरड्या हवेच्या शोधात फिरायला लागलो.

या वेळी २४ गिगाहर्ट्‌झवर बोलायचं ठरलं ते असं. मी फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगेच्या पूर्व कडेच्या एका टेकडीवर, आणि माझे एक सत्तरी ओलांडलेले रेडिओमित्र ब्रोकन हिल शहराजवळ, सिल्व्हरटनजवळच्या मुंडी मुंडी लुकआउटवर. मध्ये दोनशे किलोमीटरहून जास्त सपाट, तांबडी, जवळजवळ निर्मनुष्य जमीन. ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असूनही घड्याळ आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचं लावतं, त्यामुळे वेळ ठरवताना डोकेफोड नाही. हिवाळ्यात भारताशी बरोब्बर चार तासांचा फरक असतो, म्हणून आईला फोनही वेळेवर जातो. अर्थात रेंज असेल तर. हॉकर गाव सोडल्यावर ती फारशी नसतेच.

अ‍ॅडलेड ते हॉकर हा रस्ता मी कितीही वेळा करीन. क्वॉर्न सोडलं की कान्याकाचे दगडी अवशेष लागतात. १८५२ साली उभं राहिलेलं हे मेंढपाळीचं ठाणं, त्यात सत्तरेक कुटुंबं राबत होती असं सांगतात, आणि दुष्काळांनी ते मोडून टाकलं. १८६५ मध्ये सर्वेक्षक जॉर्ज गॉयडरने घोड्यावरून फिरून नकाशावर रेघ मारली होती, की हिच्या उत्तरेला पेरू नका, पाऊस भरवशाचा नाही. पुढे चार वर्षं पाऊस बरा झाला तशी लोकांनी रेघेपलीकडे नांगर घातले आणि हात पोळून घेतले. ज्या कोरडेपणाने त्या शेतकऱ्यांचं वाटोळं झालं, त्याच कोरडेपणावर माझा सिग्नल चालतो. तिथे थांबलो की याचं मला अवघडलेपण येतं.

फ्लिंडर्समधल्या विल्पेनाच्या पर्यटकतळावर मुक्काम केला आणि पस्तावलो. शाळांना सुट्ट्या होत्या, कारव्हॅनला कारव्हॅन चिकटलेली, रात्री उशिरापर्यंत जनरेटरची घरघर. इन्व्हर्टरच्या खरखरीने लिझांचा बँड, म्हणजे एकमेकांना सूचना द्यायचा साधा दोन मीटर बँड, ऐकवेना. आणखी एक गोष्ट खटकते ती लिहितोच. तिथलं सर्वांत उंच शिखर सेंट मेरी पीक, ११७१ मीटर. अ‍ॅडन्यामथन्हा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांसाठी ते पवित्र आहे आणि माथ्यावर जाऊ नका अशी त्यांची विनंती आहे, पाटीवर लिहिलेली. तरी लोक जातात. उंच जागा दिसली की अँटेना घेऊन पळायचा आम्हा हॅमना मोह होतो, मला पूर्ण ठाऊक आहे, पण तिथे डिश नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या टेकड्या आहेत की.

अशीच एक टेकडी मला एका मेंढ्यांच्या स्टेशनवर मिळाली. स्टेशन म्हणजे शेकडो चौरस किलोमीटरचं कुरण, त्यात एक घर, एक शेड, पवनचक्की आणि पाण्याच्या टाक्या. मालकीणबाईंना मी आधी पत्र पाठवलं होतं. त्यांनी फाटकं कुठली, ती उघडली तशीच मागे बंद करायची, हे सांगितलं आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत आपल्या गाडीने पुढे आल्या.

पंचवीस-तीस किलोमीटर पन्हळी पडलेल्या कच्च्या रस्त्याने गाडीतलं सगळं सैल होतं. ट्रान्सव्हर्टरच्या, म्हणजे साध्या रेडिओचा सिग्नल वरच्या बँडवर नेणाऱ्या यंत्राच्या, डब्यातला एक नट निघून केबलवर लोंबत होता. तो पाना लावून बसवला. मग ट्रायपॉडच्या मध्यभागी पाण्याचा वीस लिटरचा कॅन टांगला, कारण दुपारचा वारा डिश हलवतो, आणि ६० सेंटिमीटर डिशचा झोत २४ गिगाहर्ट्‌झवर जेमतेम दीड अंशाचा असतो. १० गिगाहर्ट्‌झवर साडेतीन अंशांपर्यंत मिळतो, तिथे थोडं निभावतं. होकायंत्रावर भिस्त ठेवता येत नाही. त्या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून सुमारे आठ अंश पूर्वेला असते, आणि शेजारी लोखंडी दगड असला तर आणखी गडबड. त्यापेक्षा सूर्य बरा. डिश सूर्यावर रोखायची, हेडफोनमधली खरखर वाढते, ती सर्वांत मोठी होईल तिथे थांबायचं. त्या क्षणी सूर्य कुठल्या दिशेला आहे ते गणिताने माहीत असतं, त्यावर ट्रायपॉडवरची अंशांची तबकडी लावून घ्यायची. रिसीव्हर जिवंत आहे की नाही हेही त्याच खरखरीवरून कळतं. मला हे काम फार आवडतं.

उरतो फ्रीक्वेन्सीचा प्रश्न. दहा लाखात एक भाग चूक झाली तर २४ गिगाहर्ट्‌झवर २४ किलोहर्ट्‌झ इकडे तिकडे, आणि माणसाचा आवाज मावतो तीन किलोहर्ट्‌झमध्ये. म्हणून दोन्हीकडे जीपीएसने बांधलेला १० मेगाहर्ट्‌झचा संदर्भ. ट्रान्समीटरची ताकद एक वॉट, देवघरातल्या छोट्या एलईडी दिव्याइतकी.

संध्याकाळी १० गिगाहर्ट्‌झ लागला, आवाज स्वच्छ, आम्ही दोघंही खुश. २४ वर मात्र त्यांची सलग शिट्टी ऐकू येई न येई, बोलणं अशक्य. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. दोन्ही टेकड्या उंच असल्या तरी एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाई आड येतेच. पण वाळवंटात रात्री जमीन झपाट्याने थंड होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार अशी उलटी उतरंड तयार होते, आणि लहरी जमिनीच्या वळणाबरोबर वाकतात. म्हणजे पहाटेपर्यंत थांबायचं.

पहाटे टेकडीवर दव गोठलेलं, बोटं नट धरीनात. सूर्य यायला अवकाश होता. लिझांवरून ते म्हणाले, टोन सोडतो. मी डिश अर्ध्या अंशाने डावीकडे नेली आणि कानात शिट्टी इतकी जोरात आली की आवाज कमी करावा लागला. लगेच बोलण्यावर गेलो. २४ गिगाहर्ट्‌झ, दोनशेहून जास्त किलोमीटर, आणि त्यांचा खोकला ऐकू येत होता. पाच-नऊ, म्हणजे स्वच्छ आणि जोरदार, असा रिपोर्ट दिला, घेतला.

इतक्यात मालकीणबाई थर्मासमध्ये चहा घेऊन वर आल्या, सोबत क्वांडाँगचा जॅम लावलेला पाव. क्वांडाँग हे तिथलं आंबट रानफळ. त्यांना वाटलं माझ्याकडे सॅटेलाइट फोन आहे. मी हेडफोन काढून स्पीकर लावला. मधे कुठलाच टॉवर नाही, उपग्रह नाही, फक्त हवा आहे हे सांगितलं. त्या थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, आमचं सगळं बालपण याच्यावरच गेलं.

मग त्या बोलत गेल्या. त्यांची शाळा म्हणजे स्कूल ऑफ द एअर, स्वयंपाकघरातल्या रेडिओसमोर बसून. १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला सुरू झालेली ती पद्धत पुढे सगळ्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या विरळ वस्तीच्या मुलखात, पसरली. आईच्या वेळी पायाने पॅडल मारून वीज करायचा सेट होता. तो अ‍ॅडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने बनवला, १९२९ मध्ये क्वीन्सलँडच्या स्टेशनांवर पहिल्यांदा बसवला, आणि त्यावरून फ्लाइंग डॉक्टरला, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरला, बोलावता येऊ लागलं. ती डॉक्टरसेवा १९२८ मध्ये सुरू करणारे जॉन फ्लिन त्याआधी याच फ्लिंडर्समधल्या बेल्टानाला धर्मोपदेशक होते. संध्याकाळी सरकारी कामं संपली की बायकांचा गप्पांचा तास असायचा. गलाह नावाचे गुलाबी-राखाडी पोपट कलकल करतात म्हणून त्याला गलाह सेशन म्हणत. शेजारीण साठ-सत्तर किलोमीटरवर, पण रोज आवाज भेटायचा. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचा विहिरीचा पंप बिघडला, सगळं सगळ्यांना माहीत.

परवानाधारक शेजारी असताना दुसऱ्यालाही बोलता येतं, म्हणून मी माइक त्यांच्या हाती दिला. हॅलो झालं, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तिकडे पाऊस किती झाला?’

माझ्या मित्रांनी एका क्षणाचाही विचार केला नाही. ‘एप्रिलपासून चाळीस पॉइंट,’ म्हणाले. शंभर पॉइंट म्हणजे एक इंच, मिलिमीटर येण्यापूर्वीचं माप. बाई हसल्या, आपल्याकडचा आकडा सांगितला, आणि दोघांचं अगदी जुन्या ओळखीच्या माणसांसारखं सुरू झालं. मेंढ्या, लोकरीचा भाव, विहिरीचं पाणी. मी माइक मागितला नाही. लॉगबुकात वेळ लिहीत बसलो. सूर्य वर आला तसा आवाजाला थरथर सुटली, मग तो पातळ होत गेला, आणि जमीन तापल्यावर उतरंड मोडली. बाईंचं वाक्य अर्धवट राहिलं. उरलेलं त्यांनी दोन मीटरवर पूर्ण केलं.

जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या हवेत पाच मिलिमीटरच्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर काम केलं, ते तर याहून अवघड बँड. ही गोष्ट मी बाईंना सांगितली तेव्हा त्यांनी बोसांचं नाव कागदावर लिहून मागितलं.

पुढच्या हिवाळ्यात ४७ गिगाहर्ट्‌झ घेऊन जायचा बेत आहे. टेकडी द्यायचं बाईंनी कबूल केलंय, फक्त मेंढ्या व्यायच्या दिवसांत यायचं नाही, आणि पहाटे माइक आधी त्यांच्या हातात.