एकाच पिशवीतले दोन ऋतू

लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे सरगॅसम हे तपकिरी समुद्रशैवाल पिशव्या भरून ठेवलेले होते. ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी या महिन्यांत अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला खडक उघडे पडले, तेव्हा मी आणि माझ्या एका विद्यार्थिनीने ते गोळा केले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना शैवालावरचे मीठ धुण्यासाठी बादल्याच्या बादल्या ओतणे जिवावर येते, म्हणून ते तिथल्याच विहिरीवर धुऊन आणि सावलीत वाळवून आम्ही आणत असू.

पावसाळ्यात लाटांच्या माऱ्याने हे शैवाल बरेचसे उखडून जाते आणि पाऊस ओसरल्यावर नव्याने वाढू लागते. त्यामुळे त्याचे वर्ष आपल्या रब्बीसारखेच दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. या वाढीच्या काळात त्यातील फ्लोरोटॅनिनचे प्रमाण कसे बदलते, एवढेच आम्हाला पाहायचे होते. फ्लोरोग्लुसिनॉलचे घटक एकमेकांना जोडले जाऊन बनणारी ही फिनॉल वर्गातली संयुगे तपकिरी शैवालांचे वैशिष्ट्य आहेत. ती अतिनील किरण शोषून घेतात आणि शैवाल कुरतडणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवतात. ऑक्सिडीकरण रोखण्याच्या त्यांच्या गुणामुळे औषधे आणि खाद्यपदार्थ यांच्या संशोधनात त्यांना महत्त्व आहे.

मार्चमधल्या त्या दिवशी फेब्रुवारीच्या नमुन्याची पाळी होती. फोलिन अभिकर्मक आणि सोडियम कार्बोनेट घालून नळ्या अंधारात ठेवल्या की फिनॉलच्या प्रमाणात निळा रंग येतो आणि तो ७६५ नॅनोमीटरवर मोजता येतो. एकाच पिशवीतून मूठमूठ घेऊन दळलेल्या तीन नमुन्यांचे आकडे थोडे पुढेमागे होणे समजण्यासारखे होते. येथे मात्र एका नळीचा रंग इतका फिका होता की मोजण्याआधीच तो डोळ्यांना दिसला. पिपेट धरताना चूक झाली असणार, असे मी विद्यार्थिनीला जरा कठोरपणेच म्हणालो. तिने काही न बोलता सगळे पुन्हा केले, नवीन अर्क काढला, तुलनेसाठीची, माहीत प्रमाणाच्या द्रावणांची रेषाही नव्याने आखली. आकडे तसेच आले. तेव्हा चूक तिच्या हातात नव्हती हे मला मान्य करावे लागले आणि मी तिची माफी मागितली.

पिशवीत उरलेले शैवाल आम्ही टेबलावर वर्तमानपत्रावर पसरले. तेवढ्यात नळ्या धुऊन आणणारे आमचे परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात आणि ज्यांची औशाकडे कोरडवाहू शेती आहे, ते जवळ येऊन म्हणाले, "सर, हे एका वयाचं पीक न्हाई. ह्यात कोवळं बी हाय अन् फळावर आलेलं बी हाय."

मी भिंग घेतले. ज्वारीच्या दाण्याएवढ्या हवेच्या पिशव्या सगळ्याच फांद्यांवर होत्या आणि मी तेवढ्याच पाहत आलो होतो. परंतु काही फांद्यांवर पानांच्या बेचक्यांत बारीक, खडबडीत तुऱ्यांचे झुबके होते. ती या शैवालाची प्रजननांगे होती. मामा पुढे म्हणाले, "हरभऱ्याची आंब थंडीत पहाटं फडकं अंथरून धरत्यात, ती बी पीक कोणत्या वयात हाय ते बघून. एका रानात दोन पेरण्या आसल्या तर आंब एकसारखी येती का?" हरभऱ्याच्या पानांवरची ती आंब म्हणजे मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवले आहे, तरीही हा संबंध मला सुचला नव्हता.

तुरे असलेल्या आणि नसलेल्या फांद्यांचे दोन ढीग करून आम्ही अर्क काढले. संध्याकाळी प्रत्येक ढिगातल्या तीनही नळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळले आणि दोन ढिगांत मात्र स्पष्ट अंतर राहिले. तुरेवाल्यांची निळाई गडद होती. ती वाढ केवळ फ्लोरोटॅनिनचीच, असे मी म्हणणार नाही, कारण फोलिन अभिकर्मक इतर क्षपणकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या, द्रव्यांनाही दाद देतो. शिवाय एका किनाऱ्यावरच्या एका जातीचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही. पण वाकामे या जपानी खाद्यशैवालातही बीजाणू धरणारी पाने पक्व होताना फ्युकॉइडन या शर्करावर्गीय संयुगाचे प्रमाण वाढते, हे माझ्या वाचनात आलेले होते. ज्याला आम्ही फेब्रुवारी म्हणत होतो, त्यात शैवालाच्या आयुष्यातले दोन वेगळे काळ एकत्र दळले जात होते.

मग डिसेंबरचा नमुना आठवला. तो आम्ही जानेवारीतच सबंध दळून बाटल्यांत भरला होता. त्यातले कोवळे कोणते आणि फळलेले कोणते, हे आता वेगळे करणे शक्य नव्हते. विद्यार्थिनीने नोंदवहीत त्या रकान्यावर आडवी रेघ मारली, शेजारी 'अवस्था' असा नवा रकाना आखला आणि येत्या डिसेंबरातली अमावास्या कधी आहे ते पाहण्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे वळली.