टेम्परेचरचा काटा हलत नाही? आधी सेन्सरची वायर काढा

जुन्या कार्बोरेटर गाड्यांत इंजिनच्या तापमानाचा काटा ‘सी’वरच (कोल्ड, म्हणजे गार) बसला की लोक थेट मीटर बदलतात. घाई करू नका. थर्मोस्टॅटजवळच्या (कूलंटची वाट उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्हजवळच्या) एकवायरी तापमान सेन्सरची वायर काढा, इग्निशन ऑन करा आणि ती क्षणभरच इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. काटा ‘एच’कडे (हॉट, म्हणजे गरम) सरकला तर मीटर, वायरिंग ठीक, दोष बहुधा सेन्सरचाच. ढिम्म राहिला तर फ्यूज आणि वायर तपासा. ईसीयूवाल्या (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर असलेल्या) गाडीत मात्र हा प्रयोग नकोच.

सेन्सर इंजिन पूर्ण गार झाल्यावरच बदला. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नका. सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, ते तुटलं की नवा सेन्सरही खोटं दाखवतो. शेवटी कूलंट भरून कूलिंग सिस्टिममधली हवा काढा.