काळ्या टी-शर्टावरचं घुमट

शिगमा जवळ आला की आमच्या वाड्यावर टी-शर्टांचा विषय निघतोच. यंदा काळ्या कापडावर पांढऱ्या शाईत घुमट हे आमचं गोव्याचं वाद्य छापायचं ठरलं आणि चित्राचं काम माझ्याकडे आलं. फोटो घरचाच होता: मातीचं घुमट, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं (पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर बंदी आली), आणि थाप मारणारा मामाचा हात.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीतून कापडावर शाई पडते किंवा पडत नाही, मधली छटा नसते. म्हणून छटांचे ठिपके करायचे, जिथे उजेड जास्त तिथे मोठे, कमी तिथे बारीक. हाच हाफटोन.

फोटोशॉपमध्ये फोटो ग्रेस्केल (फक्त करड्या छटांचा) केला, मोडमध्ये बिटमॅप (निव्वळ काळं किंवा पांढरं) निवडून हाफटोन स्क्रीन घेतली. म्हापशाच्या ज्या दुकानात छापायचं होतं, तिथल्या दादांनी इंचाला ३५ ओळी आणि कोन २२.५ अंश सांगितला होता. स्क्रीनच्या जाळीचे धागे आडवे-उभे असतात, ठिपक्यांच्या ओळी त्यांच्याशी जुळल्या तर चित्रावर लाटा उमटतात. ठिपक्यांच्या कडा स्वच्छ याव्यात म्हणून आउटपुट इंचाला ६०० पिक्सेल ठेवलं.

बिटमॅपमध्ये पारदर्शकता नसते, लेयरही नसतात. म्हणून परत ग्रेस्केल केलं, साइझ रेशो १ ठेवून, म्हणजे आकार न बदलता. मग नेहमीच्या सवयीनं पांढरं निवडून उडवलं आणि खूश झालो. रात्री काळी लेयर खाली टाकून बघितलं तर चित्रच दिसेना. उरलेले काळे ठिपके पांढरे केले, तर सावल्या उजळल्या आणि मामाचा हात कोळशासारखा झाला, फोटोची निगेटिव्हच. मग लक्षात आलं, काळ्या शर्टावर सावली म्हणजे कापडच. उडवायचं ते काळं, ठेवायचं ते पांढरं!

पण तसं केलं तर मागची पांढरी भिंत ठिपक्यांचा चौकोन होऊन छापली जाणार. म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. आधी हात आणि घुमट कापून घेतलं, मागे काळं भरलं, मगच ठिपके केले. नख आणि कातडं दोन्ही पांढरीफटक होऊन एक झाली होती, ती लेव्हल्समध्ये (उजेड-सावली कमीजास्त करायची सोय) वेगळी काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. ते काम आधीच करावं लागतं, ठिपके पडल्यावर छटा परत मिळत नाही.

काळं निवडताना मॅजिक वाँड या रंगावरून निवडणाऱ्या टूलची टॉलरन्स (जवळच्या छटा किती धरायच्या ते) शून्य केली, अँटी-अलायस आणि कंटिग्युअस या दोन्ही खुणा काढल्या. पहिली खूण राहिली तर कडांना करडी झालर येते. दुसरी राहिली तर फक्त बाहेरचं काळं जातं, ठिपक्यांच्या मधे कोंडलेलं तसंच राहतं. मग डिलीट, आणि पीएनजी. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही. शर्टावरचा आकारही आधीच ठरवून घ्या. मी तयार फाइल थोडी लहान करून बघितली होती, सगळे ठिपके पुसट झाले.

पहिला शर्ट वाळल्यावर घरी आणला. मामानं तो उजेडात धरला आणि बोट ठेवलं ते थेट अंगठ्याच्या नखावर.