ऐन नवतप्यात हरवलेले कासव

गेल्या वर्षी नवतपा (मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ मे रोजी, आमचे कासव बागेतून नाहीसे झाले. त्या सकाळी बोअरवेलची मोटर काढण्यासाठी मिस्त्री आले होते आणि त्यांचे पाइप आत येईपर्यंत फाटक अर्धा तास सताड उघडे राहिले होते. साडेदहाच्या सुमारास मी जास्वंदीची पाने घेऊन त्याच्या वाफ्याकडे गेले, तेव्हा कडेची एक वीट सरकलेली होती आणि वाफा रिकामा होता.

त्याचे नाव धोंडू. तो सुलकाटा जातीचा, म्हणजे मूळ सहाराच्या दक्षिण कडेच्या कोरड्या प्रदेशातला. लांबी २२ सेंटिमीटर, वजन दोन किलोंच्या थोडे वर. केंद्र सरकारने २०२० मध्ये घरी असलेले विदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची मुभा दिली, तेव्हा आम्ही परिवेश पोर्टलवर त्याची माहिती भरली होती. त्यामुळे तो हरवल्याचे चारचौघांत सांगताना संकोच वाटण्याचे कारण नव्हते.

पहिल्या दिवशी आम्ही जे केले ते बहुतेक चुकीचे होते. कासव ते, जाऊन जाऊन जाणार कुठे, अशा समजुतीने घरातल्या चौघांनी भर दुपारी दोन तास बाग उलटीपालटी केली. वास्तविक हे प्राणी उन्हे तापली की सावलीत किंवा मातीत दडून निश्चल पडतात आणि सकाळी व सायंकाळीच हिंडतात, त्यामुळे ज्या वेळी आम्ही शोधत होतो त्या वेळी तो हलण्याची शक्यताच नव्हती. हाका मारण्याचाही काही उपयोग नव्हता, तरी माझा मुलगा गळा बसेपर्यंत हाका मारत राहिला. शिवाय कासव सलग चालले तर तासाभरात आमच्या लेआउटचे टोक सहज गाठू शकते, हे लक्षात आल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

खरी धास्ती मात्र वेगळीच होती. मराठीत पाण्यातले आणि जमिनीवरचे, दोन्हींना आपण कासवच म्हणतो. शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, ‘‘अगं, कुणाला सापडलं असेल तर पुण्य म्हणून फुटाळा तलावात सोडून दिलं असेल.’’ त्यांनी धीर देण्यासाठीच म्हटले होते; पण जमिनीवरच्या या कासवाला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडून मरते. म्हणून त्याच दुपारी मी कागदावर मोठ्या अक्षरांत ‘हे जमिनीवरचे कासव आहे, कृपया पाण्यात सोडू नये’ असे लिहिले, त्याखाली धोंडूचे छायाचित्र लावले आणि किराणा दुकान, पिठाची गिरणी व देवळाच्या फाटकाजवळ ते कागद चिकटवले. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रालाही कळवून ठेवले, कारण कुणी त्याला आपल्याकडचे तारा कासव समजून तिथे नेऊन देण्याची शक्यता होती. तारा कासवाच्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात, धोंडूची पाठ साधी मातकट आहे. पण घाईत कोण एवढे न्याहाळणार?

त्या रात्री सासूबाईंनी त्यांच्या खोलीतल्या कूलरच्या पंपातून खरखर येत असल्याची तक्रार केली. मी मेकॅनिकला फोन करते असे सांगितले आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी डोके शांत ठेवून विचार केला. मोकळ्यावरचे कासव चालत जाऊन भिंतीला भिडले की बहुधा भिंतीच्या कडेनेच पुढे सरकते. तेव्हा बागेचा मधला भाग सोडून मी कंपाउंडच्या आतून, कडेकडेने, गुडघ्यांवर बसून एक फेरी केली. फाटकाखालची फट मोजली तर नऊ सेंटिमीटर निघाली आणि धोंडूची उंची बाराच्या आसपास आहे. म्हणजे उघड्या फाटकातून गेला नसेल तर तो आतच होता. मग सायंकाळी वाफ्याच्या तोंडाशी, तुळशीमागे, संत्र्याच्या झाडाखाली आणि घराच्या मागच्या सांदवाडीच्या (घर आणि कंपाउंडमधल्या अरुंद बोळाच्या) दोन्ही टोकांना मी चाळणीने रांगोळीचे पातळ पट्टे पसरले आणि जवळच टरबुजाच्या फोडी ठेवल्या.

सकाळी साडेपाचला पाहिले तर तुळशीमागे मांजराची पावले होती. संत्र्याखालच्या फोडीला मुंग्या लागल्या होत्या. सांदवाडीच्या पूर्वेकडच्या पट्ट्यावर मात्र दोन समांतर ओळींत ठसे उमटले होते, प्रत्येक ठशाच्या पुढच्या कडेला नखांच्या बारीक खाचा होत्या आणि मधली रांगोळी थोडी पुसली गेली होती. फोडीचा लाल गर साफ होऊन पांढरी साल तेवढी उरली होती.

ठसे थेट कूलरच्या स्टँडकडे गेले होते. टाकी भरून वाहिली की पाणी तिथेच झिरपते, त्यामुळे सगळी बाग भाजून निघत असताना हातभर जागा ओली आणि गार राहिली होती. स्टँडच्या मागच्या दोन पायांमध्ये उकरलेल्या मातीचा ढीग आणि त्यामागे अर्धचंद्राकृती तोंडाचे बीळ होते. हात कोपरापर्यंत आत घातला तेव्हा बोटांना पाठीची खरखरीत कड लागली. ओढून पाहण्याचा मोह आवरला, कारण बिळात तो पाय रोवून असा घट्ट बसतो की ओढाओढीत त्यालाच इजा व्हायची. खुरपीने बाजूची माती हळूहळू काढायला पाऊण तास लागला. बाहेर आल्यावर त्याने मान लांब केली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा बिळाच्या दिशेने वळला.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन चाळीस ग्रॅमने कमी भरले. उथळ परातीत, हनुवटीच्या खाली राहील इतक्याच कोमट पाण्यात त्याला ठेवले. तो बराच वेळ मान बुडवून पाणी पीत राहिला.

सकाळी दहाला मेकॅनिक दारात उभा. मी विसरले म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतःच मुलाकरवी त्याला फोन करवला होता. दोन रात्री खरखरणारा पंप धडधाकट आहे, हे सांगण्याचे त्याने दीडशे रुपये घेतले.