हळदीचा हंगाम आणि ९५ अंशांवर अडकलेला प्रोसेसर

मार्चअखेरीस पहिल्यांदा लक्षात आलं. संगणकावर ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमधली जी फ्रेम (एक चित्र) जानेवारीत चार मिनिटांत निघायची, तिला पाच मिनिटं लागायला लागली. फाइल तीच, सेटिंग तेच. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावून बसलो, तर माझा प्रोसेसर, रायझन ५ ३६००, बरोबर ९५ अंशांना टेकलेला. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच ती. तिथे पोचला की तो आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळतो.

माझी जुळणी अशी: बी४५० मदरबोर्ड, प्रोसेसरवर चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर कूलर, त्यावर १२० मिमीचा पंखा. कॅबिनेटला पुढून दोन पंखे हवा आत घेतात, मागून एक बाहेर टाकतो. खोली सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. एप्रिलच्या दुपारी टेबलावरचा थर्मामीटर ३६ दाखवतो.

५ एप्रिल. काहीही उघडायच्या आधी मोजमाप घेतलं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण मलाही ती उशिरा कळली. काटा ९५ वर अडकला की तापमान काहीच सांगत नाही, कारण ते त्याच्या वर जातच नाही. मग बघायचे ते वॅट, म्हणजे तेवढ्या तापमानात तो किती वीज ओढू शकतो ते. हा ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणवला जात असला तरी पूर्ण भारात त्याला ८८ वॅटपर्यंत मुभा असते. माझ्याकडे तो ६९ वरच हात टेकत होता. म्हणजे प्रोसेसर आणि खोली यांतला फरक ५९ अंश, भागिले ६९ वॅट: वॅटमागे साधारण ०.८५ अंश, जितका कमी तितका बरा. हाच आकडा वहीत धरून पुढे चाललो. खोली सकाळी ३० असो की दुपारी ३६, या आकड्याची तुलना करता येते. नुसतं 'माझा ८० वर चालतो' म्हणण्याला सांगलीत एक अर्थ आणि महाबळेश्वरात दुसरा.

मग बाजूचं झाकण काढून तीच चाचणी. वॅट जेमतेम दोनाने वाढले. कॅबिनेटमध्ये हवा कोंडत असती तर मोठा फरक पडला असता. दोष कूलरपाशीच होता. खात्रीसाठी उदबत्ती लावून टॉवरच्या पंख्यासमोर धरली (राख बोर्डावर पडणार नाही अशा बेताने). धूर पात्यांपर्यंत जायचा आणि आत न जाता कडेने परत यायचा. पंखा फिरतोय, पण पलीकडे वाटच नाही.

६ एप्रिल. पंख्याच्या तारेच्या क्लिपा सोडवल्या आणि पंखा बाजूला घेतला. मागे हीटसिंकच्या पत्र्यांवर नमद्यासारखा एक थर, आणि तो पिवळा. बोटाने सोलला तर एकसंध निघाला, नाकाशी नेल्यावर चक्क हळदीचा वास. फेब्रुवारीपासून यार्डात राजापुरी हळदीचे सौदे जोरात असतात, पोती उतरतात, पॉलिशची धूळ उडते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण ती पूड इतकी बारीक की पुढच्या जाळीतून आरामात आत येते आणि पत्र्यांच्या चिंचोळ्या फटींत साध्या धुळीला धरून बसते.

ब्रश आणि ब्लोअरने पत्रे मोकळे केले. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर भलत्याच वेगाने फिरतात, बेअरिंग दुखावतं.

पुढची जाळी धुण्याच्या पावडरीत बुडवली आणि बादलीतलं पाणी लालभडक झालं. आई मागेच उभी होती. "अरे, याचं तर कुंकू झालं!" अगदी बरोबर. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, चुन्याने कुंकू करतात ते याच गुणावर. लिंबू पिळल्यावर जाळी परत पिवळी झाली.

सफाईनंतर पूर्ण ८८ वॅट, तापमान ९३. आकडा ०.६५. वेग परत आला, तरी ९३ मला पटेना.

९ एप्रिल. पंखा. भार पूर्ण असताना आरपीएम (मिनिटाचे फेरे) ९०० च्या आसपासच. नवीन पंखा मागवायच्या आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) शंभर टक्के करून पाहिला: १७५० वर गेला. पंखा ठणठणीत. चार पिनांच्या पंख्यात तिसरी तार वेग कळवते आणि चौथी किती फिरायचं ते सांगते. इथे सांगणाराच कमी सांगत होता, आणि तो मीच. थंडीत रात्री रेंडर लावून झोपता यावं म्हणून मी पंख्याची रेषा (कोणत्या तापमानाला किती वेग, ती) खाली ओढून ठेवली होती. आता ७० अंशांपर्यंत शांत, पुढे चढती, ८५ ला पूर्ण. रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात दहा अंशांनी उडी मारतं आणि पंखा हुंकार देऊन शांत होतो. त्यासाठी वेग वाढवण्याआधी थोडं थांबण्याचं सेटिंगही वाढवलं. आता ८५ अंश, आकडा ०.५६.

१२ एप्रिल. पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा मधला लेप. माझ्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट सुकलेली असली तर कूलर उपटताना प्रोसेसर सॉकेटमधून सोबत वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून दहा मिनिटं भार देऊन तापवला, मशीन बंद करून वायर काढली, आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवला. खालचा ठसा बघण्यासारखा होता: एका बाजूला पेस्ट अजून ओलसर, दुसरीकडे खडूसारखी कोरडी. आणि ३६०० मधली कोअरची (खरं काम करणाऱ्या, तापणाऱ्या भागाची) चकती मधोमध नसून एका अंगाला असते. कोरडा भाग नेमका तिच्यावरच. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, या वेळी मध्यावर वाटाण्याएवढा ठिपका न ठेवता कडेपर्यंत पातळ पसरली. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा.

खोली ३६, वॅट ८८, प्रोसेसर ७९. आकडा ०.४९. फ्रेम पुन्हा चार मिनिटांवर.

दुपारच्या वेळी आता प्रोसेसरचा कमी विजेचा इको मोड लावतो. मर्यादा ६० वॅटवर येते, तापमान ६६ च्या आत राहतं आणि फ्रेमला वीसेक सेकंद जास्त लागतात. ते मला चालतं, कारण त्याच खोलीत मलाही बसायचं असतं. दर रविवारी जाळी नुसत्या पाण्याने धुतो आणि पंखा उतरवून पत्रे बघतो. काल फटींत पुन्हा पिवळी झाक होती, पण उजेड आरपार दिसत होता.