यात पाणी राहतं का?

दुपारपासून डोक्यात एकच प्रश्न घोळतोय, आणि तो माझाही नाही, मावशींचा आहे. मी केलेली माती-काचेची वस्तू बघून म्हणाल्या, "छान आहे गं, पण यात पाणी राहतं का?"

अहो, वाडगा नाहीये तो. हे मी बोलले नाही. नुसती हसले, आणि मग दिवसभर धुसफुसत बसले.

मातीची वस्तू, मध्ये खोलगट, कुणीही हेच विचारणार. मग टोचलं का? प्रदर्शनात लोक "इंटरेस्टिंग" म्हणून पुढे सरकतात ते चालतं, आणि हे चालत नाही? (त्या प्रदर्शनाबद्दल आज नकोच.)

स्टोनवेअरची माती १२०० अंशांच्या वर भाजायची, मग खोलगट भागात बाटलीच्या काचेचा चुरा भरून परत भट्टी लावायची, या वेळी ८०० च्या थोडी वर. निवताना काच मातीपेक्षा जास्त आकसते. अंशामागे काच दहा लाखांत ९ भाग, माती ५-६. केवढासा फरक! पण मातीला चिकटलेली काच त्याने ताणली जाते, आणि काच दाब सोसते, ताण सोसत नाही. ५५० च्या आसपास भट्टी तासन्‌तास रोखून धरली की काचेचा स्वतःचा ताण जातो, मातीशी असलेलं भांडण तसंच राहतं. भट्टीतून अख्खी निघालेली वस्तू चार-आठ दिवसांनी फळीवर, रात्री, टिक् करते. झोपेतही ओळखते मी तो आवाज. सकाळी बघावं तर हिरव्या काचेच्या पोटात तडा, एक चंदेरी पापुद्रा. बोट फिरवलं तर हाताला काहीच लागत नाही.

विजेचं बिल, आईचं "अजून किती दिवस", सगळं मग त्या पापुद्र्यात दिसायला लागतं. जगात आपल्याएवढं दुर्दैवी कोणी नाही असं वाटून घ्यायला ही वेळ उत्तम.

एवढं सगळं, आणि विचारायचं काय, तर पाणी!

संध्याकाळी दार लावून चक्क पाणी ओतलं. राहिलं की! काच तडकलेली, पण खालची माती पक्की भाजलेली, ती कशाला गळतेय? आता मावशींना सांगितलं तर त्या झेंडूची फुलं ठेवायला मागतील, आणि मग किंमत विचारतील. नकोच.

जयपूरवाल्यांनी हे भांडणच मोडीत काढलंय. ब्लू पॉटरीत नेहमीची चिकणमाती नसतेच. गारेची (क्वार्ट्झची) पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, डिंक. काच वरून ओतायची नाही, आतच मळायची. इजिप्तमधल्या ४००० वर्षांपूर्वीच्या पाणघोड्यांच्या निळ्या मूर्तीसुद्धा गारेच्या पुडीच्याच. त्यात पाणी राहतं का, असं तिथल्या कुणाच्या मावशीने विचारलं असेलच.

गारेची पूड आणून ठेवली आहे. चाळताना मास्क हवा, ती धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. आणि मास्क संपलेत. मेडिकल आत्ता बंद झालं असणार.